लाल बाटलीतला थेंब

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणतात. जपूनकाकांच्या पाठी ब्रह्मराक्षस कधी लागला नाही, कारण तिथे आधीच गर्दी होती. त्यांच्या पाठी स्क्रू लागले होते. बोटाच्या नखावर चार मावतील एवढे, चिमटीतून निसटले की घरंगळत नेमके कपाटाखाली जाऊन बसणारे.

काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल, वाकड्या मानेचा दिवा आणि उठताना हमखास डोकं आपटेल असं छत. चाळीस वर्षं तिथे बसून त्यांनी आसपासच्या सगळ्या शिंप्यांची मशीनं सुधारली आणि परत देताना प्रत्येकाला एकच शब्द सांगितला, "जपून." सुई बदलताना जपून. तेल घालताना जपून. जाताना तिसरी पायरी तुटलीय, जपून. शेवटी शिंप्यांनी त्यांचं नावच ते पाडलं. बायको सांगायची, "लग्नाच्या नोंदवहीत मी सही करत होते, तर हे कानाशी येऊन म्हणाले, जपून. जन्मात एवढं एकच मोलाचं बोलले, आणि मी ते ऐकलं नाही."

भित्र्या माणसाला लोक हसतात खरे, पण आपलं मशीन त्याच्याच हाती देतात. शूर मेकॅनिक रस्त्यापलीकडे होता. त्याच्याकडून मशीन आलं की आत दोन स्क्रू कमी असायचे आणि तो म्हणायचा, "चालतंय ना? मग ते जास्तीचेच होते."

काकांची ही भीती मात्र आभाळातून पडलेली नव्हती. तरुणपणी एका शिलाईच्या कारखान्यात त्यांनी सकाळी एक मशीन नीट करून दिलं. सुईखालची पट्टी धरणारा स्क्रू त्यांनी घट्ट पिळला होता, शपथेवर सांगायचे ते. पण मशीन दिवसभर थरथरतं, आणि थरथरीपुढे घट्ट म्हणजे काय? दुपारपर्यंत स्क्रू सैल झाला, पट्टी सरकली, धावती सुई पट्टीवर आपटून तुटली आणि तिचं टोक शिवणाऱ्या बाईच्या भुवईत घुसलं. डोळा अर्ध्या बोटाने वाचला. बाई धीराची. कपाळाला चिकटपट्टी लावून तासाभराने पुन्हा कामाला बसली. काका मात्र त्या दिवसानंतर कधी निवांत बसले नाहीत. कोणाच्याही तोंडाकडे पाहताना आधी त्यांची नजर भुवईवर जायची.

मग त्यांना स्क्रूचा गोंद सापडला. आट्यांना थेंबभर लावायचा, स्क्रू पिळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा. थरथरीने तो स्क्रू मग सुटत नाही. दोन बाटल्या असत, एक निळी, एक लाल. निळ्या गोंदाचा स्क्रू साध्या हाताने, जरा जोर लावून उघडतो. लाल गोंदाचा चांगला तापवल्याशिवाय हलत नाही. "निळा उघडायचा, लाल विसरायचा," हे काकांचं वाक्य सगळ्या शिंप्यांना पाठ होतं. पुढचंही पाठ होतं, कारण ते ऐकवल्याशिवाय सोडत नसत. थेंब टाचणीच्या डोक्याएवढा. आटे आधी तेलातून पुसून कोरडे. गोंद आट्यांवर, डोक्यावर नाही. प्लास्टिकला लागू द्यायचा नाही, तडे जातात. लहान स्क्रूला लाल कधीच नाही. आणि जो स्क्रू वारंवार उघडायचा, त्याला कुठलाच नाही, तो आठवड्याला हाताने तपासायचा. "अहो जपून, स्क्रू आहे की सोयरीक?" असं कोणी म्हटलं तर ते हसायचे नाहीत.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती गोष्ट आता सांगतो.

साठी उलटल्यावर काकूंची फुप्फुसं थकली. काकू म्हणजे काकांची बायको, शेजारपाजारचे सगळे तिला याच नावाने हाक मारत. आधी जिना चढताना धाप, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. जुन्या बनावटीचं, पत्र्याचं, गुडघ्याएवढ्या उंचीचं ते मशीन चाकांवर घरात आलं. बाहेरची हवा ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा, आणि नळीवाटे काकूंच्या नाकात सोडायचा. दिवसरात्र. काका त्याच्याभोवती पहिले तीन दिवस मांजरासारखे फिरले. हवा गाळणारा फिल्टर मागच्या पत्र्याच्या झाकणाआड होता आणि झाकणाला चार स्क्रू होते. चार लहान स्क्रू, आणि त्यांच्यामागे सारखी थरथरणारी मोटर.

वर्षभर काही झालं नाही. मग वर्षाच्या नेमाप्रमाणे काकांनी फिल्टर बदलला, झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनच्या आवाजात बारीक खरखर सुरू झाली. काकूंना ती ऐकूसुद्धा येत नव्हती. काकांना दुसरं काही ऐकू येईना. ते हाताने स्क्रू पिळत, तासाने पुन्हा पिळत. त्यांच्या डोळ्यांपुढे तो स्क्रू सुटत होता, झाकण गळून पडत होतं, मशीन बंद पडत होतं, आणि ते नेमके तेव्हा भाजी आणायला गेलेले असत. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. हात असे कापू लागले की कपबशी वाजायची.

आठव्या दिवशी त्यांनी चारही स्क्रू काढले, पुसले आणि पिशवीतून बाटली काढली. हात निळीकडेच गेला होता. पण निळा म्हणजे उघडणारा. जे उघडतं ते सुटतंही, असं भीतीने त्यांना समजावलं. त्यांनी लाल घेतली. तीन स्क्रूंना पातळ ओल लागली. चौथ्याच्या वेळी हात कापला आणि थेंबाऐवजी ओघळच आला. त्यांनी तसाच पिळला.

"काय लावलंत?" पलंगावरून काकूंनी विचारलं.

"निळा," काका म्हणाले. चाळीस वर्षांत बायकोशी ते फार थोडं खोटं बोलले होते, आणि त्यातलं एकही इतकं सहज नव्हतं.

खरखर थांबली. काका त्या दुपारी आडवे झाले ते दिवेलागणीलाच उठले.

पुढे दहा महिन्यांनी वरच्या मजल्यावर कोणीतरी फरशा बदलायला काढल्या. चार दिवस कटर ओरडत होता आणि जिन्यातून पांढरी धूळ उतरत होती. काकांनी दारंखिडक्यांना ओले पंचे लावले, मशीनबाहेरचा स्पंज रोज धुतला. पण धूळ ती धूळ. रविवारी अकराच्या सुमाराला मशीनवर पिवळा दिवा लागला. काका उठेपर्यंत तो लाल झाला आणि मशीन एकसुरी शिटी मारू लागलं.

ही शिटी काकांनी माहितीपुस्तकात वाचली होती. हवा आत येत नाही, असा तिचा अर्थ. फिल्टर गच्च झाला होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण घाबरून घाबरून काकांनी सगळी तयारी आधीच केलेली होती. नवे फिल्टर होते, एक सोडून दोन. लहान सिलिंडर होता. तो त्यांनी दोन मिनिटांत काकूंच्या नळीला जोडला. मग त्याचा काटा पाहिला. गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा सिलिंडर वापरला होता आणि भरून आणायचा राहिला होता. तासाभराचा होता, फार तर सव्वा तासाचा.

समोरच्या घरातली नर्सबाई सुट्टीमुळे घरीच होती. ती केस तसेच बांधून धावत आली, काकूंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि फोन घेऊन बसली. सिलिंडरवाला तीनपर्यंत येऊ शकत नव्हता. रुग्णवाहिका निघाली होती, पण पुलावर ट्रक आडवा झाला होता. "किती वेळ?" नर्सबाईने विचारलं. पलीकडून उत्तर आलं ते तिने मोठ्याने सांगितलं नाही.

काकांनी मशीनची वायर काढली, ते मागच्या खोलीत ढकलत नेलं आणि स्क्रूड्रायव्हर लावला. पहिला स्क्रू कडकन आवाज करून सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याने खांद्यातून घाम काढला, पण सुटला.

चौथा हलला नाही.

तेव्हा त्यांना ती दुपार आठवली, तो ओघळ आठवला. हे आपण केलंय. कोणी परक्याने नाही, धुळीने नाही, आपण. त्यांनी घाईघाईने पिशवीतून हाताला येईल तो स्क्रूड्रायव्हर उचलला, एक नंबर लहान होता, आणि सगळा जोर लावून पिळला. टोक निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीच्या कडा गोल व्हायला लागल्या. एखाद्या शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर काकांनी त्याच्या हातातून हत्यार काढून घेतलं असतं. इथे काढून घ्यायला कोणी नव्हतं.

"तेल सोडा ना काका!" दारातून नर्सबाई म्हणाली.

"तेल नाही चालत! ऑक्सिजनच्या मशीनला तेल म्हणजे आग."

"मग झाकण फोडा."

"पत्र्याचंय हो. ड्रिल मारलं तर कीस आत जाईल, मोटरच खलास."

लाल गोंदाला एकच औषध, तापवणं. आणि जिथे ऑक्सिजन तिथे तापवायचं नाही, हेही काकांनीच घरात मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलेलं होतं. पुढच्या खोलीत सिलिंडर सुसू करत होता. त्यांनी मधलं दार लावलं, खिडक्या सताड उघडल्या, मशीनच्या नळ्या सोडवून त्यातली हवा जाऊ दिली. तरीही सोल्डरिंग आयर्नचा, म्हणजे तारा डागायच्या विजेच्या सळीचा, प्लग लावताना त्यांच्या मनात सगळी खोली पेटून गेली. खोटं कशाला सांगायचं, ते रडत होते. तोंडाने आवाज न करता, नाक वाहतं तसे.

दारापलीकडून नर्सबाईचा आवाज येत होता. "एक्याण्णव." थोड्या वेळाने, "एक्याण्णवच आहे." मग बराच वेळ काही नाही. काकांना त्या काही नाहीची जास्त भीती वाटली.

मग दार किलकिलं झालं. "काका, काकू विचारतात, त्या स्क्रूशी तुमची ओळख झाली का."

काकूंना एक वाक्य बोलायला तीन श्वास लागत. तीन श्वास खर्चून तिने ही थट्टा पाठवली होती. काकांनी हत्यार खाली ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, हात कोरडे पुसले. परत येऊन स्टूलवर बसले, जिन्याखाली बसत तसे, आणि त्या मशीनकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "बोला. काय झालंय?" गिऱ्हाईकाला विचारत तसं. स्वतःच्या घरातलं मशीन त्यांना उघडत नव्हतं. परक्याचं त्यांनी आजवर एकही न उघडता परत पाठवलं नव्हतं.

परक्याचं मशीन असतं तर त्यांनी आधी काय केलं असतं? पाहिलं असतं. त्यांनी वाकडा दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि पाहिलं. फुलीच्या तळाशी लाल काहीतरी चकाकत होतं. ओघळ डोक्यापर्यंत चढून खाचेत वाळला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाला टेकतच नव्हतं, म्हणून निसटत होतं. कडा वरवर झिजल्या होत्या, खाली अजून जीव होता.

त्यांनी पिशवीतून शिलाई मशीनची एक तुटकी सुई काढली. तुटक्या सुया ते फेकत नसत, का ते त्यांनाच ठाऊक. सुईच्या टोकाने खाचेतला गोंद कणाकणाने खरवडला. बारीक ब्रशने झाडला. मग बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर, सगळ्यात जुना, खाचेत उभा धरला आणि लहान हातोडीने वरून चार ठोके दिले, हलके, दार ठोठावल्यासारखे. टोक तळाला बसलं. ते त्यांना बोटात कळलं.

मग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर ठेवलं आणि आकडे मोजू लागले. साठाला काही नाही. नव्वदला जळका वास आला. "अठ्ठ्याऐंशी," पलीकडून नर्सबाई म्हणाली, "काका, सिलिंडरचा काटा खाली टेकलाय." काकांचा हात हलला नाही. भीती तिथेच होती, पण हातांना त्यांनी तिच्याकडे पाहू दिलं नाही. एकशेवीस. दीडशे.

आयर्न बाजूला, स्क्रूड्रायव्हर खाचेत. बारा आणे दाब, चार आणे पीळ, हे त्यांनी शंभर जणांना शिकवलेलं. सगळं अंग वरून टेकवलं. आधी केसभर घट्ट करण्याच्या दिशेने, मग उलट. काही नाही. पुन्हा केसभर घट्ट, पुन्हा उलट. आणि आतून बारीक कुरकुर झाली, वाळू चिरडल्यासारखी, आणि स्क्रू फिरला.

झाकण हातात आलं तेव्हा बोटं भाजली. फिल्टर पांढऱ्या धुळीने माखून जाड कांबळ्यासारखा झाला होता. नवा बसवला. झाकण दोन स्क्रूंवर नुसतं टेकवलं, दार उघडलं, मशीन ढकलत पुढच्या खोलीत आणलं. चालू केलं. पिवळा दिवा. मशीनला ऑक्सिजन तयार करायला काही मिनिटं लागतात, ही गोष्ट काका जाणून होते, आणि तरी ती मिनिटं त्यांनी कशी काढली ते त्यांनी पुढे कोणालाच सांगितलं नाही. काकूंचे ओठ निळसर दिसत होते. नर्सबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "हळू. नाकाने. हळू." काका काकूंच्या भुवईकडे पाहत होते, चाळीस वर्षांच्या सवयीने.

दिवा हिरवा झाला.

"सत्त्याऐंशी," नर्सबाई म्हणाली. मग, "एकोणनव्वद." मग, "ब्याण्णव, काका. बसा आता, तुम्ही पडाल."

काका फरशीवरच बसले.

रुग्णवाहिका आली ती एक वाजून गेल्यावर. त्यातल्या डॉक्टरने काकूंना तपासलं, मशीन पाहिलं, आता न्यायची गरज नाही म्हणाला, आणि सिलिंडर कायम भरलेला ठेवायला बजावून गेला. नर्सबाई घरी भात टाकायला गेली. बशीत दोन स्क्रू राहिले होते, लावायचे. काकांनी ते पुसले, आट्यांतला जुना गोंद तारेच्या ब्रशने झाडला. पुसून झाले तरी ते पुसतच राहिले.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "तो निळा नव्हता."

"माहीत आहे," काकू म्हणाली.

काकांनी वर पाहिलं.

"लाल बाटली काढताना पाहिलं होतं मी. पलंगावरून सगळं दिसतं."

"मग बोलली का नाहीस? तुला माहीत होतं ना, लाल म्हणजे काय? हजारदा ऐकलंयस तू!"

काकूंनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला. "आठ दिवस तुमचे हात कापत होते. त्या दिवशी स्क्रू लावला आणि थांबले. झोपलात तुम्ही. म्हटलं, राहू दे. उघडायची वेळ येईल तेव्हा बघू."

आजवर काका सुटणाऱ्या स्क्रूंना भ्यायले, उडणाऱ्या सुयांना भ्यायले, थांबणाऱ्या मशीनला भ्यायले. पण आपल्या एका दुपारच्या झोपेसाठी ही बाई दहा महिने त्या झाकणाशेजारी गप्प श्वास घेत होती, याच्याइतकी भीती त्यांना कशाचीच वाटली नव्हती.

"यापुढे बोलायचं," ते कसेबसे म्हणाले.

"बोलेन. तुम्ही ऐकायचं." तिने हात पुढे केला. "आणा इकडे."

त्यांनी मशीन तिच्या पलंगाशी वळवलं. स्क्रू जागेवर ठेवले, झाकण खरखरू नये म्हणून त्यांच्याखाली रबराच्या बारीक चकत्या घातल्या, गोंद कुठलाच नाही. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिची बोटं काडीसारखी झाली होती. तिने पिळला, थांबली, श्वास घेतला, पुन्हा पिळला. मग दुसरा. काका तोंडाशी आलेलं "जपून" गिळून बसले होते.

"झालं माझ्याने एवढंच," ती म्हणाली. "सैल आहे का? तुम्ही एकदा पिळून घ्या."

काकांनी बोट लावून पाहिलं. स्क्रू अजून अर्धा फेरा सहज गेला असता. त्यांच्या हाताला तशी सवयही होती.

"नको," ते म्हणाले. "तुला उघडता आला पाहिजे."

तेव्हापासून दर रविवारी त्या झाकणाचे चारही स्क्रू काकूच पिळते. काका शेजारी बशी धरून बसतात.